खर्र्यापासून सुरू करा, कोकेनपासून नको

प्रश्न: मी नागपुरात नंदनवन भागातल्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान आणि अकरावीला जीवशास्त्र शिकवते. अमली पदार्थ मेंदूतल्या रसायनांवर काय परिणाम करतात, यावर तीन-चार तासिका घ्यायला मुख्याध्यापकांनी सांगितले आहे. भीती घातली तर मुले हसतात. खोलात गेले तर नको ती उत्सुकता वाढेल, असे काही पालकांचे म्हणणे आहे. सुरुवात कुठून करू आणि किती सांगू?

उत्तर:

मॅडम, पालकांच्या शंकेपासून सुरुवात करतो. पदार्थ कुठे मिळतो, कसा घेतात, किती घेतात हे सांगितले तर उत्सुकता वाढते, आणि ते तुम्हाला सांगायचेच नाही. तो मेंदूत नेमका कुठे जाऊन बसतो आणि त्यावर मेंदू काय करतो, हे समजल्यामुळे कोणी नादी लागल्याचे मी पाहिलेले नाही. माझी सगळी नोकरी औषधशास्त्र शिकवण्यात गेली. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला जे सांगायचो तेच, निम्मी नावे गाळून, नववीच्या पोट्ट्यांना सांगतो आणि त्यांना ते कळते. प्रश्न तर त्यांचे जास्त चांगले असतात, कारण परीक्षेला काय येणार ही चिंता डोक्यात नसते.

पुस्तकातला क्रम मात्र सोडा. अकरावी-बारावीच्या पुस्तकांत अफू, गांजा, कोकेन असा प्रवास असतो. कोकेन तुमच्या वर्गात कोणी पाहिलेले नसणार, त्यामुळे तो धडा दुसऱ्या कोणाबद्दल तरी आहे असे मुलांना वाटते. खर्रा मात्र सगळ्यांनी पाहिलेला असतो. पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू, चुना. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. तुमच्या फाटकापासून पहिला पानठेला किती पावलांवर आहे, हे मुलांनाच मोजायला सांगा. नागपुरात व्यसनाचे रसायनशास्त्र शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण नाही. कसे ते सांगतो.

पहिल्या तासिकेत नशेचे नावच काढू नका. बेडकाच्या हृदयाची गोष्ट सांगा. चेतापेशी एकमेकींना विजेने निरोप देतात की रसायनाने, हा वाद विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जोरात होता. १९२१ मध्ये ओटो लोवी या शास्त्रज्ञाने दोन बेडकांची धडधडणारी हृदये द्रवात ठेवली. पहिल्या हृदयाच्या व्हेगस नसेला विजेचा हलका झटका दिला, ते मंदावले. मग त्या हृदयाभोवतीचा द्रव काढून दुसऱ्या हृदयाला दिला. त्याला कोणी हातही लावला नव्हता, तरी तेही मंदावले. म्हणजे निरोप द्रवातून गेला होता, तो रसायनाचा होता. पुढे ते रसायन अॅसिटिलकोलिन असल्याचे सिद्ध झाले आणि १९३६ मध्ये लोवी व हेन्री डेल यांना मिळून नोबेल मिळाले. प्रयोगाची कल्पना आपल्याला स्वप्नात सुचली, असे लोवी सांगत. हे सांगितले की मागच्या बाकावरचेही मान वर करतात.

याच हेन्री डेल यांनी १९१४ मध्ये दाखवले होते की अॅसिटिलकोलिनची कामे दोन तऱ्हांची असतात. काही कामांची नक्कल तंबाखूतले निकोटिन करते, काहींची मस्करिन नावाचे अळंबीतले विष करते. म्हणून त्या रसायनाला पकडणाऱ्या रिसेप्टरच्या दोन जातींना आजही निकोटिनिक आणि मस्करिनिक म्हणतात. आता खर्र्याकडे या. तंबाखूतले निकोटिन पहिल्या जातीवर बसते. सुपारीतले अॅरेकोलिन मुख्यतः दुसऱ्या जातीवर बसते. आणि चुना? चुन्यामुळे तोंडातला रस अल्कधर्मी होतो, त्यामुळे निकोटिनचा मोठा हिस्सा विद्युतभार नसलेल्या रूपात राहतो आणि गालाच्या आतल्या त्वचेतून चटकन रक्तात उतरतो. दहावीपर्यंत आम्ल-अल्क शिकलेला मुलगा हे फळ्यावर स्वतः मांडू शकतो. पानठेलेवाल्याला हे रसायनशास्त्र कोणी शिकवले नाही, पण कृती अचूक आहे. सुपारी साधी म्हणून घरात लहानांच्या हातावरही टेकवली जाते, तेव्हा इथेच सांगून टाका की आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूशिवायच्या सुपारीलाही कर्ककारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे पक्के ठरलेल्यांत, टाकले आहे. पण कर्करोगावर रेंगाळू नका, मुलांनी ती चित्रे पुड्यांवर पाहून पाहून डोळ्याआड केलेली असतात.

यातून पहिली मोठी गोष्ट आपोआप येते: पदार्थात नशा भरलेली नसते. मेंदूची आपली व्यवस्था आधीपासून असते, पदार्थ तिच्यात घुसतो. हे मुलांना पटले की पुढचे सगळे सोपे. अफूची रसायने मेंदूत बसतात, म्हणजे त्यांच्यासाठी तिथे आधीच जागा असणार. ती जागा, ओपिऑइड रिसेप्टर, १९७३ मध्ये कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी दाखवली. मग प्रश्न उरला की निसर्गाने ही जागा अफूसाठी थोडीच ठेवली असेल? १९७५ मध्ये अॅबर्डीनच्या ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांना मेंदूचे स्वतःचे वेदनाशामक, एन्केफॅलिन, सापडले. गांजाचेही तसेच. त्यातले नशा आणणारे रसायन टीएचसी १९६४ मध्ये वेगळे काढले गेले आणि १९९२ मध्ये मेंदूचे स्वतःचे तशा कामाचे रसायन सापडले. आधी परका पाहुणा सापडायचा आणि त्याच्यावरून घरचा माणूस शोधायचा, असा हा क्रम आहे.

दुसरी तासिका वर्गाबाहेर घ्या, व्हरांड्यात. मुलांच्या दोन ओळी समोरासमोर उभ्या करा, मध्ये चार पावले. ही फट म्हणजे सिनॅप्स. खरी फट वीसेक नॅनोमीटरची असते. अलीकडच्या ओळीकडे पिशवीत कागदाचे बोळे, ते डोपामिन, म्हणजे अॅसिटिलकोलिनसारखेच निरोप नेणारे मेंदूतले एक रसायन. पलीकडची ओळ हात पसरून उभी, ते रिसेप्टर. तिसरे दोघे गोळा करणारे: पडलेले बोळे उचलून पुन्हा पिशवीत टाकायचे. ते ट्रान्सपोर्टर. तुम्ही टाळी वाजवली की अलीकडच्यांनी बोळे टाकायचे. बोळा खाली आहे तोवर पलीकडचा कोणीही तो उचलू शकतो, एक गुण मोजायचा आणि परत खाली टाकायचा. साधी फेरी खेळून गुण लिहा.

आता कोकेन. गोळा करणाऱ्या दोघांचे हात मागे बांधा. बोळे खालीच राहतात, गुण वाढत जातात. बस्स, कोकेनची नशा मुख्यतः एवढ्यावरच चालते. मग एमडी, म्हणजे मेफेड्रोन. याचे नाव मुलांनी शहरातल्या बातम्यांत ऐकलेले असते, त्यामुळे टाळू नका. २०१५ पासून ते अमली पदार्थ कायद्याच्या यादीत आहे. एमडीच्या फेरीत गोळा करणाऱ्यांना उलटे चालवा: त्यांनीच पिशवीत हात घालून बोळे बाहेर फेकायचे. प्रचंड गुण होतात. पुढच्या टाळीला पिशवी रिकामी असते. मुले एकमेकांकडे पाहतात. एमडी घेतलेला माणूस पुढचे दोन दिवस असा का पडून असतो, हे तुम्हाला सांगावे लागत नाही. त्याचा अंमल लवकर ओसरतो, म्हणून माणूस लगेच पुन्हा घेतो. शिवाय ते शरीराचे तापमान वाढवते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. एवढे सांगून पुढे जा.

खरा धडा यानंतरच्या फेरीत आहे, आणि बहुतेक व्याख्याने नेमकी त्याआधी संपतात. मेंदू गप्प बसत नाही, उत्तर देतो. रोज इतके बोळे येऊ लागले तर पलीकडची ओळ कमी होत जाते. निम्म्या मुलांना खाली बसवा. आता पुन्हा नशेची फेरी घ्या: गुण जवळजवळ पहिल्या साध्या फेरीइतकेच येतात. म्हणजे आता नशा करून माणूस जेमतेम नॉर्मल होतो. मग नशा काढून साधी फेरी घ्या. गुण निम्मे. इथे थांबून विचारा, ‘आता याला तर्री-पोहे कसे लागतील?’ कोणीतरी म्हणतेच, ‘फिके.’ मित्र, क्रिकेट, आईच्या हातचे जेवण, सगळे फिके. कोकेन आणि मेथअॅम्फेटामिन या उत्तेजकांच्या व्यसनात डोपामिनचे डी-२ रिसेप्टर कमी दिसतात, हे मेंदूच्या प्रतिमांमधून अनेकदा दिसले आहे. काहींमध्ये ते आधीपासूनच कमी असतात असेही पुरावे आहेत. हुशार मूल ‘आधी काय झालं मग?’ असे विचारील, त्याला हे सांगायला विसरू नका.

निकोटिनच्या बाबतीत मात्र हा खेळ तसाच्या तसा लागू होत नाही. तिथे रिसेप्टर सुन्न पडतात आणि ते भरून काढायला मेंदू त्यांची संख्या वाढवतो. सोडल्यावर हे वाढीव रिसेप्टर जागे होतात आणि मागणी करू लागतात. धूम्रपान सोडलेल्यांत ही संख्या साधारण ६ ते १२ आठवड्यांत न ओढणाऱ्यांच्या पातळीवर येते. खर्रा सोडणाऱ्याला हा आकडा मी तोंडपाठ करायला लावतो. पहिला महिना जड का जातो आणि तो कायमचा का नसतो, दोन्ही त्यात आले.

आता डोपामिनबद्दल थोडे कडक बोलतो. रील्स पाहून मुलांच्या तोंडी ‘डोपामिन हिट’ बसले आहे आणि डोपामिन म्हणजे आनंद हे समीकरण पक्के झाले आहे. ते मोडा. एक गोष्ट आपल्या सर्पगंधेची आहे. तिच्यातले रेसर्पिन सशांना दिले की ते निपचित पडत. १९५७ मध्ये आर्व्हिड कार्लसन यांनी अशा सशांना एल-डोपा, म्हणजे मेंदूत ज्याचे डोपामिन होते ते रसायन, दिले आणि ते उठून हिंडू लागले. यावरून मेंदूतल्या डोपामिनचे महत्त्व आणि पार्किन्सनचा उपचार पुढे आला; २००० च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा आहे. म्हणजे डोपामिन हालचालीसाठीही लागते. दुसरी गोष्ट वुल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांची. अनपेक्षित फळाचा रस मिळाला की त्यांच्या डोपामिन पेशी उसळत. रसाआधी दिवा लागतो हे माकडाला कळले की पेशी दिव्याला उसळत, रसाला नाही. दिवा लागूनही रस मिळाला नाही तर त्या नेमक्या वेळी शांत होत. आता मुलांना विचारा की खर्रा सोडलेल्या माणसाला पानठेल्यावर घोटण्याचा आवाज ऐकून काय होत असेल. ओढ आणि आनंद वेगळे आहेत, हे त्यांना तिथे समजते. व्यसनी माणूस ‘आता मजाही येत नाही, तरी राहवत नाही’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो.

दारूला डोपामिनच्या चौकटीत कोंबू नका. ती दोन तराजू एकदम हलवते: मेंदूला शांत करणाऱ्या गाबाचा जोर वाढवते आणि चेतवणाऱ्या ग्लुटामेटचा कमी करते. मेंदूचे उत्तर बरोबर उलटे, गाबाला कमी दाद आणि ग्लुटामेटला जास्त. मग मोहाची असो की दुकानातली, रोजची दारू एकदम बंद झाली की वाढलेला चेतवणारा जोर उघडा पडतो. हात थरथरतात, झोप उडते, काहींना ६ ते ४८ तासांत फिट येते, आणि त्यानंतरच्या दिवसांत भ्रम होऊन जिवावरही बेतू शकते. याकडे शेवटी परत येतो, कारण ते वर्गातून थेट घरात जाते.

बाकीचे थोडक्यात. कोडीनचे खोकल्याचे औषध ही अफूचीच बहीण, यकृतात तिचे थोडे मॉर्फिन होते. ओपिऑइड रिसेप्टर श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या भागातही असतात, म्हणून मात्रा वाढली की माणूस श्वास घ्यायचा थांबतो. गांजाचे रिसेप्टर त्या भागात फार कमी असतात, म्हणून तसा मृत्यू होत नाही. हे मुलांपासून लपवू नका, त्यांना ते माहीत असते. त्याबरोबर हे सांगा की स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या ४५,५७० तरुणांचा मागोवा घेतला, तेव्हा १८ व्या वर्षापर्यंत भरपूर गांजा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सुमारे सहापट निघाले. हा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. एकट्या गांजाने तो आजार होतो असे यातून सिद्ध होत नाही, पण घरात आजाराचा इतिहास असलेल्या मुलाने हे ऐकलेलेच बरे. पंक्चरचे सोल्युशन आणि व्हाइटनर हुंगणे याबद्दल एकच वाक्य पुरेसे आहे: याने पहिल्याच वेळी हृदय बंद पडू शकते. अकरावीच्या नीटवाल्यांना कॉफी शिकवा. जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन साचते आणि झोप आणते. कॅफिन त्याच्या जागेवर बसून त्याला अडवते, साचणे थांबवत नाही. कॅफिन शरीरातून निम्मे व्हायला पाचेक तास लागतात. रात्री अकराच्या कॉफीचा हिशेब ते स्वतः करतील.

भीतीबद्दल तुम्ही विचारले आहे. मारबतीच्या मिरवणुकीत व्यसनाचा बडग्या, म्हणजे पुतळा, करून ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडायला मजा येते, वर्गात त्याचा उपयोग नाही. अमेरिकेत १९८३ पासून पोलिसांना वर्गात पाठवून नशाविरोधी धडे देणारा मोठा उपक्रम चालला. पुढे तपासले तेव्हा ते धडे घेतलेली आणि न घेतलेली मुले यांच्या वागण्यात फारसा फरक निघाला नाही. अतिशयोक्ती शास्त्रज्ञांनाही भोवते. २००२ मध्ये एका नामांकित नियतकालिकात लेख आला की एक्स्टसी या नशेच्या गोळीच्या एका रात्रीच्या मात्रेने माकडांच्या डोपामिन पेशी खराब होतात. वर्षभराने तो मागे घ्यावा लागला, कारण बाटलीवरचे लेबल चुकले होते आणि बहुतेक माकडांना मेथअॅम्फेटामिन टोचले गेले होते. इंटरनेटवर मेंदूच्या रंगीत स्कॅनमध्ये दाखवतात ती ‘मेंदूला पडलेली भोके’ही वापरू नका. ती भोके नसतात, त्या जागी रक्तप्रवाह कमी आहे एवढेच त्या रंगांतून दिसते. कोणी अकरावीचा मुलगा हे शोधून काढील आणि मग तुमचे खरे बोलणेही पडेल.

रसायनशास्त्र सगळे ठरवते असेही वाटू देऊ नका. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांपैकी जवळपास पाचव्या हिश्शाने आपण हेरॉइनच्या आहारी गेलो होतो असे सांगितले होते. ली रॉबिन्स यांनी घरी परतल्यावर त्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा त्या व्यसनींपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात सापडलेले फक्त ५ टक्क्यांच्या आसपास होते. रेणू तोच होता. जागा, सोबत आणि रोजचे काम बदलले होते.

आता तो प्रश्न, जो तुमच्याही वर्गात येणार. ‘सर, माझे बाबा वीस वर्षांपासून खर्रा खाऊन राहिले, त्यांना तर काही नाही झालं.’ यावर तोंडाच्या कर्करोगाचे फोटो काढू नका, ते त्याच्या बापाचे फोटो होतील. मी विचारतो, ‘सकाळी उठल्यावर पहिला खर्रा किती वेळात लागतो त्यांना? आणि नाही मिळाला तर?’ मुलगा हसून सांगतो, ‘चिडचिड करते सर, घरात कोणी बोलूनच नाही राहत.’ मग निकोटिनने वाढवलेले रिसेप्टर आठवायला सांगतो. बाबा मजेसाठी खात नाहीत, रिसेप्टरची मागणी भागवतात, हे त्याचे त्याला उमगते, आणि बापाबद्दलचा मान कमी होत नाही. निम्म्या वर्गाच्या घरात हेच असते. मुलाला लाज वाटली की तो धड्यातून बाहेर पडला.

परीक्षेला ‘व्यसनाचे दुष्परिणाम लिहा’ विचारू नका. पाठ केलेल्या ओळी येतील. असे विचारा: एका पदार्थाने गोळा करणारे ट्रान्सपोर्टर बंद पाडले, सहा महिन्यांनी तोच पदार्थ पूर्वीइतका परिणाम का करत नाही?

शेवटी दारूचे राहिले होते. तुमचे ऐकून एखादी मुलगी घरी जाऊन ‘बाबा, उद्यापासून बंद’ म्हणेल, आणि बाबा भावनेच्या भरात बंद करतीलही. रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांशिवाय एकदम थांबणे धोक्याचे आहे, हे त्याच तासिकेत, त्याच दमात सांगा. हातपाय थरथरणे, फिट किंवा असंबद्ध बडबड सुरू झाली तर सकाळची वाट न पाहता मेडिकल किंवा मेयो या आपल्या सरकारी रुग्णालयांच्या अपघात विभागात न्यायचे. बाकी मदतीसाठी व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ आहे, दोन्हींना पैसे पडत नाहीत. हे क्रमांक सगळ्या वर्गाला वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घ्यायला लावा, म्हणजे ते कोणाला हवे होते हे शेजारच्या बाकाला कळत नाही.